मोहाचे दिवस आणि बळीरामजी

बळीरामजी मडावी खोटं बोलायचे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे घडलं त्यात त्यांची ही सवय फार वाईट तऱ्हेने आडवी आली, म्हणून ते लपवून चालणार नाही.

धावडीच्या मारुतीसमोर निंबाचं झाड होतं. तिथे बसून ते सांगायचे की नागपूरला लाटसाहेबाने त्यांच्या हातचा चहा पिऊन वर पाठ थोपटली. की एका पावसाळ्यात बोर नदीला पूर असताना ते मगरीच्या पाठीवर बसून पलीकडे गेले. बोर नदीत मगर कधी कोणी पाहिली नव्हती. लोक हसायचे, आणि सगळ्यांत जास्त तेच हसायचे. गाव त्यांना 'गप्पाड्या बुढा' म्हणे. त्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट नवा माणूस आला की मगर थोडी लांब व्हायची.

पण जंगलात ते खोटं बोलत नसत. हे कळायला मला दोन वर्षं लागली. गावात त्यांचा आवाज मोठा असे, हात हवेत फिरत. गावाची शीव ओलांडली की आवाज खाली जाई, हात अंगाशी येत, आणि बोलणं इतकं मोजकं होई की हाच तो निंबाखालचा माणूस यावर विश्वास बसू नये. बोटाने काही दाखवायचं नाही, हनुवटीने दाखवायचं. जनावराचं नाव घ्यायचं नाही. 'मारलं' म्हणायचं नाही, 'पडलं' म्हणायचं.

मी त्रेपन्न साली धावडीच्या वनकचेरीत कारकून म्हणून लागलो. गाव हिंगणीच्या पलीकडे, जंगलाला टेकलेलं. मी आर्वीचा, कापसाच्या बाजारात वाढलेला. सागाचं पान आणि पळसाचं पान यातला फरक मला कागदावर ठाऊक होता. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, जाऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. त्याआधी हे जंगल एका मालगुजाराचं होतं आणि बळीरामजी त्याचे शिकारी. तीस वर्षं. मालगुजाराचे पाहुणे यायचे, जनावरं उठवायला हाका कुठून घालायचा, कोण कुठे बसेल, हे सगळं बळीरामजी ठरवायचे. जंगल सरकारजमा झालं तसा मालगुजार नागपूरला राहायला गेला. जाताना त्याने बळीरामजींना एक जुनी, तोंडाने ठासायची भरमार बंदूक आणि पितळी गुंड्यांचा खाकी कोट दिला. तो कोट ते वैशाखातही घालत.

पहिल्यांदा ते कचेरीत आले तेव्हा मी लिहीत होतो. मान वर केली तर टेबलासमोर उभे. आमचं दार इतकं करकरायचं की कुत्रं आत आलं तरी कळावं. पण मला काही ऐकू आलं नव्हतं.

"कधी आलात?"

"तुमी दोन कागद लिवले तवापासून हावो."

त्यांना शिकारीचा परवाना हवा होता. आता जंगल सगळ्यांचं झालं होतं. त्याचे गट पाडले होते. पंधरा दिवसांसाठी एका माणसाला एक गट, आणि अटींचा छापील कागद. मी परवाना भरून दिला. त्यांनी तो परत माझ्यापुढे ठेवला.

"वाचा."

मी वाचला.

"अजून एक डाव."

दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर त्यांनी सगळ्या अटी तोंडपाठ म्हणून दाखवल्या. मादी मारायची नाही, पिल्लू मारायचं नाही, सूर्य बुडाल्यावर बार टाकायचा नाही. "हे तं आमच्या बापानंच सांगतलं होतं," ते म्हणाले, "सरकारनं त्याले शाई लावली." मग कागद उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली.

"बाकीचे कोठी हायेत?"

"कोण बाकीचे?"

"बंदुकवाले. मी इकडून जाईन, दुसरा तिकडून येईन. मधात कोण हाये, ते कोन्त्या कागदात लिवलं?"

मी त्यांना समजावलं की प्रत्येकाचा गट वेगळा, नकाशावर रेघा आहेत. त्यांनी मान डोलावली. लहान पोराने काही सांगितलं की मोठी माणसं डोलावतात, तशी.

यावरून कोणी समजू नये की त्यांना मालगुजारी परत हवी होती. एकदा मी तसं बोलून गेलो तेव्हा ते चिडले होते. "वेठ पाह्यली का तुमी, बाबू? माह्या भावाले एका सशापायी झाडाले बांधून मारलं होतं. त्या राजाची मले याद बी नोको." मग म्हणाले, "पण एक होतं. जंगलात आज माणूस किती, हे एका माणसाले माहीत राहे. आता जंगल सगळ्याइचं हाये, अन् माहीत कोणालेच नाई."

हे ते पुन्हा पुन्हा म्हणत. चहा पिताना म्हणत, चार चमचे साखर ढवळत ढवळत. मला त्याचा कंटाळा यायचा.

ते साठीचे असतील तेव्हा. अंगाने काटक, एका कानाची पाळी फाटलेली. ती कशी फाटली याच्या तीन गोष्टी त्यांच्याकडे होत्या. मोटारीला भयंकर भ्यायचे. वर्ध्याला जायचं तर पायी जात, पहाटे निघून दिवस बुडता पोचत. देवीच्या लसीची सुई घेऊन डॉक्टर गावात आला, तेव्हा हा माणूस, ज्याने जखमी रानडुकराला पाच पावलांवरून पाडलं होतं, तो दोन दिवस तुरीच्या वावरात लपून बसला होता.

आणि त्यांचा एक नियम होता, जो सरकारच्या कागदावर नव्हता. कान, डोळा, पाय. तिन्ही वेगवेगळे दिसले तरच घोडा दाबायचा.

एकदा हट्टाने मी त्यांच्याबरोबर गेलो. सकाळची वेळ, आम्ही एका नाल्याच्या काठाला बसलो होतो. समोरच्या करवंदीच्या जाळीत सांबर येऊन उभं राहिलं. मला, माझ्यासारख्या आंधळ्या माणसालाही, त्याचे कान दिसले, मग ओला काळा डोळा. बळीरामजींची बंदूक खांद्याला लागलेली. मी श्वास धरला. सांबर कितीतरी वेळ उभं होतं. मग वळलं आणि निघून गेलं. बार झालाच नाही.

"काऊन नाही मारलं?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"पाय नाई दिसला."

"पण सांबरच होतं ना!"

"होतं," ते म्हणाले. "आज होतं."

त्या वर्षी ते सतरा वेळा रिकाम्या हाताने परतले. निंबाखाली त्यांनी सांगितलं की जंगलात आता जनावरच उरलं नाही.

छप्पन साली राज्यं बदलली. आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. कचेरीत त्याचा परिणाम म्हणजे शिक्के बदलले, छापील नमुने संपले आणि नवे कित्येक महिने आले नाहीत, आणि वरच्या जागांवर पश्चिमेकडची माणसं येऊ लागली. आमचे रेंजरसाहेब नव्या वरिष्ठांना काय आवडेल या काळजीत असत. बळीरामजींनी मला एवढंच विचारलं, "मुंबईले जंगल हाये का?" मी म्हणालो, समुद्र आहे. "मंग इचारतीन कोणाले?" ते म्हणाले आणि तंबाखू मळू लागले.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर एक पेन्शनर साहेब आले. पुण्याकडे मोठ्या हुद्द्यावर होते. निवृत्त होऊन वर्ध्याजवळ पिपरीला लेक-जावयाकडे राहायला आले होते. गावाने त्यांचं नाव 'पेन्शनसाहेब' ठेवलं. माणूस सभ्य. प्रत्येकाला अहो-जाहो करणारे, चष्म्याची काच धोतराच्या सोग्याने पुसणारे. डावा पाय किंचित ओढत चालायचे. तरुणपणी घाटावरच्या जंगलात त्यांनी खूप शिकार केली होती. त्या आठवणी सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. तिथले वाटाडे, तिथले डोंगर, सगळं मागे राहिलं होतं. "एकदा अस्वल मिळालं की बंदूक ठेवून देईन," असं ते मला म्हणाले. वाटाड्या म्हणून रेंजरसाहेबांनी त्यांना बळीरामजी दिले.

चार दिवस ते दोघे हिंडले. पाचव्या दिवशी बळीरामजी माझ्याकडे आले.

"याले दुसऱ्या महिन्यात बोलवा, बाबू. मोहाच्या दिवसाईत नोको."

"का?"

"त्याले हललं तेवढं दिसते. जनावर दिसत नाई."

मोहाचे दिवस म्हणजे फुलं गळायचे दिवस. पहाटे पहाटे जमीन पिवळट फुलांनी भरून जाते आणि उजाडायच्या आत बाया टोपलं घेऊन जंगलात शिरतात. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. त्यांच्याआधी किंवा त्यांच्याबरोबरच अस्वल येतं, कारण त्यालाही तीच फुलं हवी असतात. दोघंही काळी, दोघंही वाकलेली, दोघंही झाडाखाली. पूर्वी बळीरामजी आदल्या दिवशी घरोघर सांगून येत की उद्या अमक्या बाजूला बंदूक आहे, जाऊ नका. आता सांगणार कोण? आणि सांगायला कळणार तरी कसं?

मी रेंजरसाहेबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, परवाना पंधरा दिवसांचा आहे, मधेच कसा काढून घेणार?

दोन दिवसांनी ते झालं. म्हणजे झालं नाही. होता होता राहिलं. नाल्यापलीकडच्या एका मोठ्या मोहाजवळ पेन्शनसाहेब आणि बळीरामजी झुंजुमुंजूला बसले होते. झाडाखाली काहीतरी काळं हललं. साहेबांनी बंदूक उचलली. बळीरामजींनी मान हलवली. साहेबांनी नेम धरला. बळीरामजी हळूच म्हणाले, "नाई." साहेबांचं बोट वळलं, तेव्हा त्यांनी हाताने नळी वर उडवली. बार आभाळात गेला. साहेब मागच्या मागे पडले, चष्मा फुटला.

आणि झाडाखालून गिरजा किंचाळत उठली.

गिरजा म्हणजे बळीरामजींच्या शेजारची, चाळिशीची विधवा बाई, एक लेक पदरी. तिचं हसणं तीन घरांपलीकडे ऐकू जाई. धक्का ओसरल्यावर तिने हा किस्सा गावभर केला. "मले अस्वल समजला थो मुंबईवाला! अवं बाप्पा, मी काय एवढी काईकुट्ट हावो?" बाया हसून लोळायच्या. बळीरामजी मात्र त्या गोष्टीवर एकदाही हसले नाहीत, आणि निंबाखाली त्यांनी ती कधी सांगितली नाही. सांगितली असती तर तिच्यात त्यांनी काय काय घातलं असतं!

पेन्शनसाहेबांनी तक्रार केली. ते घाबरले होते, आणि घाबरल्याची लाज वाटत होती, असं मला आज वाटतं. तक्रारीत बाईचा उल्लेख नव्हता. वाटाड्याने अंगावर हात टाकला, बंदूक हिसकली, एवढंच होतं. रेंजरसाहेबांनी मला हुकूम लिहायला सांगितला: बळीराम मडावी यास यापुढे परवाना देऊ नये व वाटाड्या म्हणून जंगलात नेऊ नये. मी म्हणालो, "साहेब, तिथे बाई होती." ते म्हणाले, "तक्रारीत आहे का? मग लिहा."

मी लिहिलं. चोवीस-पंचवीस वर्षांचा होतो, नोकरी पक्की झाली नव्हती. ही सबब मी तेव्हा स्वतःला दिली होती, आजही देतो. ती कधी पुरली नाही.

बळीरामजींनी नेहमीप्रमाणे कागद माझ्यापुढे ठेवला. "वाचा." मी वाचला. "अजून एक डाव." मी पुन्हा वाचला. त्यांनी कागद हातात घेऊन उजेडाकडे धरला.

"हे तुमी लिवलं?"

"हो."

"अक्षर साजरं हाये तुमचं," ते म्हणाले आणि गेले.

त्यानंतर ते जंगलात गेले नाहीत. पण कचेरीत येत राहिले. चार-आठ दिवसांनी यायचे, टेबलासमोर उभे राहायचे. "कोण हाये सध्या?" मी वही काढून सांगायचो: अमका, अमक्या गटात, अमक्या तारखेपर्यंत. असं सांगायची रीत नव्हती, पण मी सांगायचो. ते जाऊन घरोघर निरोप द्यायचे. असं वर्षभर चाललं. पुन्हा मोह फुलला तेव्हा ते रोज येऊ लागले. डोळ्यांखाली काळं आलेलं, तंबाखू मळता मळता हात थांबायचा. एकदा मी म्हणालो, "इतकी काळजी कशाला? यंदा कोणी आलेलंच नाही." ते खिडकीतून जंगलाकडे बघत राहिले. त्या दिवशी वारा नव्हता आणि पळसाची फुलं एकदम स्थिर होती, हे मला उगाच आठवतं.

शेवटी एका संध्याकाळी ते आले.

"उद्या कोण हाये?"

मी वही पाहिली. दोनदा पाहिली. "कोणी नाही, बळीरामजी. जाऊ द्या बायांना बिनधास्त."

वही खरी होती. पण नव्या व्यवस्थेत काही परवाने वरच्या कचेरीतून परस्पर निघू लागले होते. त्यांची नक्कल आमच्याकडे टपालाने यायची. पेन्शनसाहेबांच्या परवान्याची नक्कल तिसऱ्या दिवशी आली. तोवर गिरजाला माती देऊन झालं होतं.

तो बार मी ऐकला. सकाळी तोंड धूत होतो. एकच झाला. पुढे काही ऐकू आलं नाही, आणि मी तोंड धूत राहिलो, कारण वहीत कोणी नव्हतं.

फौजदार वर्ध्याहून दुपारी आला. पंचनामा लिहायला मला घेतलं, आणि जागा वाचायला बळीरामजींना. बंदी असलेला माणूस जंगलात सरकारनेच नेला. नाल्यापलीकडचा तोच मोह. साहेबांना या जंगलात दुसरी जागा माहीतच नव्हती. अस्वल त्या झाडाला येतं हे त्यांना बळीरामजींनीच दाखवलं होतं. हे चालता चालता बळीरामजींच्या मनात आलं असणारच.

झाडापासून वीसेक पावलांवर ते खाली बसले आणि त्या खालच्या आवाजात सांगू लागले. मी लिहीत होतो.

"इथं बसला होता. एकटाच. लय वेळ बसला, गवत दबून गेलं. इथून बार टाकला." मग उठून दोन पावलं चालले. "इथून उठला. डाव्या पायाची टाच घासत गेली, हे पाहा. घाईनं गेला." झाडाखाली आल्यावर ते थांबले. जमिनीवर डाग होता, त्यावर माश्या. आजूबाजूला फुलं सांडलेली, आणि मधोमध गिरजाचं टोपलं.

"इथं उभा राह्यला. मंग गुडघे टेकले, दोनी. हे दोन खड्डे. मंग..." त्यांनी हनुवटीने टोपलं दाखवलं. "मंग त्यानं टोपलं उभं केलं."

"कशावरून?" फौजदाराने विचारलं.

"फुलं टोपल्याच्या खाली बी हायेत. टोपलं आडवं पडलं, फुलं सांडली, मंग कोणीतरी त्याच्यावर सरकं करून ठेवलं. बाया आल्या त्याइनं हात नाई लावला, मी इचारलं. त्यानंच ठेवलं. अन् चालत गेला. पळाला नाई."

"कोण तो?"

"पेन्शनसाहेब."

फौजदार माझ्याकडे वळला. "गुडघ्यांचे ठसे लिहा, गवत लिहा. ओळख लिहू नका."

"साहेब, हे जंगलात चुकत नाहीत," मी म्हणालो.

"मी गावात चौकशी केली," फौजदार म्हणाला. "हा म्हातारा मगरीवर बसून नदी ओलांडतो म्हणे. कोर्टात पहिला प्रश्न तोच येईल."

बळीरामजींनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. रागाचा नव्हता तो. आयुष्यभर ज्या गोष्टीवर गावाला हसवलं, ती गोष्ट कोणीतरी उचलून गिरजाच्या अंगावर टाकली होती, आणि ते त्या गोष्टीकडे बघत होते.

पंचनाम्याखाली त्यांनी अंगठा लावला नाही.

नक्कल आल्यावर विचारणा झाली. पेन्शनसाहेबांचं पत्र आलं की त्या दिवशी ताप असल्याने ते बाहेर पडलेच नाहीत. जावई वजनदार माणूस होता. प्रकरण 'अज्ञात इसम' या शब्दांवर येऊन थांबलं. गावात बायांनी मोह वेचणं सोडलं. फुलं झाडाखाली कुजली, आणि त्यांचा आंबूस वास वाऱ्याबरोबर घराघरांत येत राहिला.

आठवड्याने बळीरामजींचा मुलगा माझ्याकडे धावत आला. "बाबू, बुढा पिपरीले जाऊन बसला हाये. चार दिवस झाले. घरी येत नाई. तुमी सांगा त्याले."

भरमार घरीच आहे का, हे मी आधी विचारलं. घरीच होती.

मी पिपरीला पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. पिपरी तेव्हा लहानसं गाव होतं. जावयाचं घर कडेला, नवं, कौलारू. समोर रस्त्यापलीकडे बाभळीखाली बळीरामजी बसले होते. खाकी कोट, गुंड्या लावलेल्या. नाल्याकाठी बसायचे तसे, न हलता. शेजारी पाण्याचा तांब्या. तो त्याच घरातल्या लेकीने आणून ठेवला होता, असं नंतर कळलं. जावयाने दोनदा हाकललं, एकदा पोलीस बोलावला. पोलिसाने विचारलं, काय करतोस? ते म्हणाले, बसलो हावो. रस्त्याकडेला बसायला बंदी नव्हती.

"चला घरी," मी म्हणालो.

"बसा," ते म्हणाले, हनुवटीने शेजारची जागा दाखवून.

मी बसलो. खिडकीचा पडदा हलला. थोड्या वेळाने पुन्हा हलला. ऊन चढलं. अकराच्या सुमारास दार उघडलं आणि पेन्शनसाहेब बाहेर आले. वर्षभरात माणूस वाळून गेला होता. दाढी वाढलेली, पाय आधीपेक्षा जास्त ओढत होते. मागून लेक हाका मारत होती, त्यांनी वळून पाहिलं नाही. रस्ता ओलांडून ते आमच्यासमोर उभे राहिले.

"तुम्हाला काय हवंय?" ते म्हणाले. आवाज फाटला होता. "पैसे? माफी? काय हवंय तुम्हाला?"

बळीरामजींनी वर पाहिलं. जंगलातल्या आवाजात विचारलं, "टोपलं काऊन उभं केलं?"

साहेब तिथेच धुळीत बसले. ओढता डावा पाय तसाच पुढे पसरून.

"फुलं सांडत होती," ते म्हणाले. "ती... ती हात पुढे करत होती टोपल्याकडे. मला वाटलं, निदान ते..." त्यांनी चष्मा काढला. "मला हललेलं दिसलं हो. नुसतं हललेलं दिसलं."

"जितीच होती ती?"

"होती. थोडा वेळ."

बळीरामजींनी डोळे मिटले. हे त्यांना जमिनीवरून वाचता आलं नव्हतं. नंतर ते उठले, साहेबांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं आणि म्हणाले, "चाला. मी हावो संगं."

आम्ही तिघे पायी वर्ध्याच्या ठाण्यात गेलो. टांगा जात होता, पण साहेब नको म्हणाले. ठाण्यात साहेबांनी सगळं सांगितलं, लिहून झाल्यावर बळीरामजी हवालदाराला म्हणाले, "वाचा." आणि वाचून झाल्यावर या वेळी त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं नाही.

शिक्षा झाली ती गिरजाच्या मानाने काहीच नव्हती. साहेब त्यानंतर फार जगले नाहीत. गिरजाची लेक बळीरामजींच्या घरी राहू लागली. निंबाखाली ते पुढेही बसत, पण कोणी मगरीची गोष्ट काढली की उठून जात. त्यांच्यावरची बंदी मीच नव्या रेंजरसाहेबांना अर्ज लिहून उठवून घेतली. तो कागद त्यांनी वाचायला न लावताच कोटाच्या खिशात घातला. भरमार त्यांनी ठाण्यात जमा केली होती.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. हिंगणीला जाऊन पुढची मोटार धरायची होती, म्हणून दिवस उगवता उगवता माझी ट्रंक छकड्यावर चढवली आणि निघालो. गावाबाहेर पडताना जंगलाच्या बाजूने टिनाचा डबा वाजत असल्याचा आवाज आला. पाहिलं तर बायांची रांग, डोक्यावर टोपली, मोहाकडे चाललेली. आणि सगळ्यांच्या पुढे बळीरामजी. गळ्यात घासलेटचा रिकामा डबा अडकवलेला, हातात काठी. ज्यांच्या पावलाखाली वाळलेलं पान कधी वाजलं नव्हतं, ते डबा बडवत, ओरडत चालले होते: "माणसं हायेत हो! बाया हायेत! माणसं हायेत!"

त्यांनी मला पाहिलं नाही. सागाच्या झाडांत रांग शिरली, शेवटच्या बाईचं लुगडं दिसेनासं झालं. आवाज तेवढा मागे राहिला, हळूहळू आत जाणारा.

मग कुठेतरी खूप दूर, टेकडीच्या पल्याड, एक बार झाला.

डबा थांबला.

मी छकडेवाल्याचा हात धरला. बैलांच्या गळ्यातल्या घंटाही थांबल्या. जंगलातून काहीच येईना. ना हाक, ना पाखरू. छकडेवाला म्हणाला, "बाबू, मोटार चुकन." मी हात सोडला नाही.

बऱ्याच वेळाने डबा पुन्हा वाजू लागला, आधीपेक्षा जोरात.

"चाल," मी म्हणालो. वळणापर्यंत तो ऐकू येत होता.